शेवंती की सुनंदा? एका फौजी फॅमिली पेन्शनचे तेरा महिने

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावातलं. नावं बदलली आहेत, तारखा थोड्या सरकवल्या आहेत आणि रुपयांचे आकडे हिशेब कळावा म्हणून गोल केले आहेत. कागदांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पायदळातला एक हवालदार. जन्म ४ जून १९५९, भरती १९७८, चोवीस वर्षं सेवा करून २००२ मध्ये निवृत्त. जवानाला सेवा पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे हक्काबद्दल शंका कधीच नव्हती. निवृत्तीच्या वेळी त्यांनी पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे त्याचे पैसे आधीच एकरकमी घेतले होते. तो भाग पंधरा वर्षांनी, म्हणजे २०१७ मध्ये परत सुरू झाला. ‘वन रँक वन पेन्शन’चे २०१४ आणि २०१९ चे दोन्ही फेर लागून २०२३ च्या नोव्हेंबरात मूळ पेन्शन २१,००० रुपये होतं. त्यावर ४६ टक्के महागाई सवलत धरून महिन्याला ३०,६६० रुपये खात्यात पडत होते.

पत्नीचा जन्म मार्च १९६१ चा, गोवा मुक्त होण्याआधी नऊ महिने. जन्माची नोंद पोर्तुगीज वहीत, नाव शेवंती, आणि स्पेलिंग त्या काळच्या वळणाचं: ‘श’साठी एक्स. १९८५ मध्ये लग्न झालं. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी चुकत नाही. नोंदणी कार्यालयात दोनदा जाऊन सह्या झाल्या, त्याही शेवंती याच नावानं. मग मांडवात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सुनंदा. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, पॅन आणि पुढे आधार, सगळीकडे सुनंदाच लागलं.

फौजेत मात्र लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या अभिलेखातली अधिकृत नोंद, निघते ती लग्नाच्या दाखल्यावरून. कंपनीच्या क्लार्कनं दाखल्यावरचं शेवंती हे नाव उचललं, स्पेलिंग तेवढं आपल्या सवयीचं, ‘एस-एच’नं सुरू होणारं केलं. २००२ च्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, फॅमिली पेन्शनच्या रकान्यात तेच उतरलं. पुढची एकवीस वर्षं पेन्शन नवऱ्याच्या नावावर येत राहिलं, त्यामुळे त्या रकान्याकडे कोणी पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर २०२३ ला हवालदारांचं राहत्या घरी निधन झालं. वय ६४. सहाच दिवस आधी त्यांनी हयातीचा दाखला दिला होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

दिवसकार्य आटोपल्यावर मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेला. शाखेनं प्रत ठेवून घेतली आणि घरच्यांना वाटलं, कळवलं की झालं. पूर्वी तसंच होतं, कारण बऱ्याच पेन्शनरांचं पेन्शन बँकच काढायची. पण संरक्षण पेन्शनरांचं खातं ‘स्पर्श’ प्रणालीवर गेल्यापासून पेन्शन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून थेट सुटतं आणि बँक फक्त पैसे उतरण्याची जागा उरते. निधन ‘स्पर्श’वरच कळवावं लागतं. सैनिकाच्या लॉगिनमधून, ‘स्पर्श’ सेवा केंद्रावरून किंवा सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या गावातल्या सीएससी केंद्रावरून ते करता येतं. नुकताच हयातीचा दाखला दिलेला असल्यामुळे प्रणालीच्या लेखी पेन्शनर पुढचं वर्षभर जिवंत होता. नोव्हेंबरचं आणि डिसेंबरचं पूर्ण पेन्शन जमा झालं. खातं जोडीचं होतं, पैसे काढलेही गेले.

९ जानेवारी २०२४ ला निधनाची नोंद झाली. पेन्शन थांबलं आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीचं होतं: पीपीओतलं पत्नीचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही.

कुटुंबाला ही एकच चूक दिसत होती. माजी सैनिकांच्या कामात मुरलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी ‘स्पर्श’वरची माहिती, जुना पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक रकाना तपासला, तेव्हा चुका तीन निघाल्या.

पहिली नावाची.

दुसरी बाईंच्या जन्मतारखेची. आधारवर १ जानेवारी १९६३. आधार केंद्रावर दाखला नसला की अंदाजानं वय सांगितलं जायचं आणि तारीख एक जानेवारी पडायची. गावोगाव अशी एक जानेवारीला जन्मलेली माणसं भेटतात.

तिसरी चूक खुद्द हवालदारांच्या जन्मवर्षाची. बँकेकडून ‘स्पर्श’वर माहिती उतरताना १९५९ चं १९६९ झालं होतं. भरतीचं वर्ष १९७८ बरोबर होतं. म्हणजे नऊ वर्षांचा जवान भरती झाला होता, आणि प्रणालीला त्यात काही खटकलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला सल्ला वकिलाकडून आला: वारस कोण ते नोंदवणारा वारसा दस्त करून घ्या. गोव्यात माणूस गेला की घर, जमीन, बँकेतली ठेव यांसाठी हा दस्त बहुधा लागतो, त्यामुळे फॅमिली पेन्शनलाही तो लागणार असं लोक धरून चालतात. पण फॅमिली पेन्शन ही मृताची मालमत्ता नव्हे. ती वारसांत वाटली जात नाही, नियमानं पात्र असलेल्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या हक्कानं मिळते. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. दस्ताचा खर्च आणि दोन-तीन महिने वाया गेले असते, आणि नावाचा प्रश्न होता तिथेच राहिला असता.

दुसरा पर्याय मुलाला सर्वांत सोपा वाटत होता: आधारवर शेवंती करून घेऊ. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, मग हरकत काय? हरकत अशी की आधार बदललं की पॅन जुळत नाही. पॅन बदललं की बँकेचं खातं. मग घरपट्टी, वीजबिल, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड. एक कागद जुळवायला सात कागद मोडायचे, तेही बासष्ट वर्षांच्या बाईंना रांगेत उभं करून.

तिसरा पर्याय रीतसर नाव बदलून राजपत्रात छापून आणण्याचा. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे हा मार्ग अधिकृत आणि भक्कम वाटतो. इथे तो घातक ठरला असता. २०२४ मधलं राजपत्र सांगणार की शेवंतीनं २०२४ मध्ये सुनंदा हे नाव घेतलं. मग २०२३ पर्यंतच्या आधारवर, पॅनवर, जोडीच्या खात्यावर जी सुनंदा आहे ती कोण? नवरा वारल्यानंतर नाव बदलणारी बाई पाहून टेबलामागचा माणूस दुसऱ्या लग्नाची शंका घेतो. त्याला दोष देता येत नाही, अशी प्रकरणं त्याच्यापुढे येत असतात. बाईंनी नाव आता बदललेलं नव्हतं. १९८५ पासून एकाच बाईला दोन नावं होती, आणि तेवढंच सिद्ध करायचं होतं.

चौथा, सशस्त्र दल न्यायाधिकरण. गोवा मुंबई खंडपीठाच्या कक्षेत येतो. पण तिथे आधी खात्यातले उपाय संपवून जावं लागतं आणि अर्ज साधारणपणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत करायचा असतो. इथे अंतिम आदेशच नव्हता, कागद जुळत नसल्याचा शेरा तेवढा होता. हा दरवाजा शेवटासाठी ठेवला.

उरला पाचवा: शेवंती आणि सुनंदा ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याला जोडलेले पुरावे, आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत दुरुस्तीचा म्हणजे कॉरिजेंडम पीपीओ. हाच निवडला.

निर्णयाचे तीन टप्पे

सुभेदारांनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकली: चूक ज्या कागदात जन्मली तिथेच ती दुरुस्त करायची. हवालदारांचं जन्मवर्ष पीपीओत आणि डिस्चार्ज बुकात बरोबर होतं, चुकलं होतं ते माहिती उतरवताना. म्हणून ते ‘स्पर्श’वर तक्रार नोंदवून, दोन्ही कागदांच्या प्रती जोडून. नाव पीपीओतच वेगळं होतं, म्हणून ते रेकॉर्ड ऑफिसकडे. बाईंची जन्मतारीख आधारवर चुकलेली, म्हणून ती आधार केंद्रावर. तिन्ही तक्रारी एकाच अर्जात लिहून एकाच ठिकाणी पाठवल्या की प्रत्येक कार्यालय आपल्या वाट्याचं सोडून दुसऱ्याचं बोट दाखवतं.

यातले दोन मुद्दे सोडून द्यायचा मोह होता.

हवालदारांचं चुकलेलं वर्ष कुटुंबाच्या फायद्याचं होतं. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर फॅमिली पेन्शन सुरुवातीला वाढीव दरानं मिळतं, मृत्यूपासून सात वर्षं किंवा सैनिकाला ६७ वर्षं पूर्ण झाली असती त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर. पुढे साधा दर लागतो. गावात सगळे ‘सात वर्षं’ एवढंच सांगतात, दुसरी अट कोणाच्या लक्षात राहत नाही. खरं जन्मवर्ष धरलं तर वाढीव दर ४ जून २०२६ ला संपतो. १९६९ धरलं तर ६७ वर्षांची अट २०३६ वर जाते आणि सात वर्षं पूर्ण, नोव्हेंबर २०३० पर्यंत, वाढीव दर चालू राहतो. वाढीव दर २१,०००, साधा १२,६००. फरक ८,४०० चा. ५८ टक्के महागाई सवलत धरली तर महिन्याला १३,२७२. अशा त्रेपन्न महिन्यांचे सात लाखांच्या वर होतात. ‘आपण कशाला सांगायचं?’ हा मुलाचा प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर असं की ही रक्कम चूक सापडेल त्या दिवशी वसुलीला येते, आणि तेव्हा साध्या दराच्या पेन्शनमधून हप्ते कापले जातात. चूक आज सांगितली तर एक अर्ज जातो, २०३० मध्ये सापडली तर बाईंच्या सत्तरीतलं पेन्शन कुरतडलं जातं.

बाईंच्या जन्मतारखेचं उलट होतं. आधारवरचं १९६३ तसंच ठेवलं असतं तर नावाचं काम थोडं लवकर झालं असतं, कुणी विचारलंही नसतं. पण ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. खऱ्या तारखेनं बाईंना ८० वर्षं मार्च २०४१ मध्ये होतात, आधारवरच्या तारखेनं जानेवारी २०४३ मध्ये. मधले बावीस महिने महिन्याला २,५२० रुपये आणि त्यावरची महागाई सवलत गेली असती. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून ती बदलताना हातात पक्का कागद हवा. नागरी नोंदणी कार्यालयातून जुन्या वहीतल्या नोंदीवरून दाखला काढला. त्यावर नाव अर्थात एक्सचं शेवंती. त्यामुळे लग्नाचा दाखलाही जोडावा लागला आणि केंद्रावर दोन खेपा झाल्या.

प्रत्यक्ष काय केलं

प्रतिज्ञापत्राची पहिली खेप फसली. मार्चमध्ये नोटरीसमोर केलेलं एक पानी प्रतिज्ञापत्र एप्रिलमध्ये रेकॉर्ड ऑफिसला गेलं आणि जूनमध्ये दोन शेऱ्यांसह परत आलं. एक, नोटरीचं चालणार नाही, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं. दोन, प्रतिज्ञापत्रात शेवंतीचं स्पेलिंग पीपीओप्रमाणे ‘एस-एच’चं लिहिलेलं, पण सोबतच्या जन्मदाखल्यात आणि लग्नाच्या दाखल्यात एक्स. म्हणजे दोन नावांचा खुलासा करायला गेलेल्या कागदानं तिसरं नाव आणून ठेवलं.

दुसरं प्रतिज्ञापत्र जुलैत झालं, आणि त्याची मांडणी उपयोगी पडण्यासारखी आहे. प्रत्येक कागदाचं नाव, त्याचा क्रमांक, आणि त्यावर नाव जसं छापलं आहे तसं, अक्षर न अक्षर. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पार्ट टू ऑर्डर, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक, ईसीएचएस कार्ड, असे आठ कागद. शेवटी एक वाक्य: वरील सर्व नावांची व्यक्ती मीच असून मी अमुक क्रमांकाच्या सैनिकाची एकमेव कायदेशीर पत्नी आहे व पुनर्विवाह केलेला नाही. ‘पूर्वाश्रमीचं नाव’ असा शब्द मुद्दाम टाळला, कारण त्यातून कधीतरी नाव बदलल्याचा अर्थ निघतो आणि मग बदलल्याची तारीख विचारली जाते.

पण प्रकरण सुटलं ते प्रतिज्ञापत्रानं नव्हे. घरात एक काळी लोखंडी ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात सैनिक क्रमांक. तिच्या तळाशी डिस्चार्जच्या वेळच्या पेन्शन कागदांची हवालदारांकडची प्रत निघाली. एका पानावर नवरा-बायकोचा जोडीनं काढलेला फोटो, अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असा गोल शिक्का, खाली दोघांच्या सह्या. पत्नीच्या नावापुढे टाइप केलेलं शेवंती, आणि त्याच्याच शेजारी निळ्या शाईत देवनागरी सही: सौ. सुनंदा. बाईंनी २००२ मध्ये नेहमीची सही केली होती, आणि समोरच्या अधिकाऱ्यानं ती साक्षांकित केली होती. एकच चेहरा, दोन नावं, आणि शिक्का खुद्द फौजेचा. या कागदाची मूळ प्रत रेकॉर्ड ऑफिसच्या फायलीतही असणारच, म्हणून अर्जात फक्त ‘आपल्या अभिलेखातील या पानाशी पडताळून पाहावे’ एवढं लिहिलं. आपल्याच फायलीतल्या पुराव्यावर शंका घेणं कुठल्याही कार्यालयाला जड जातं.

सोबत पंचायतीचा रहिवास दाखला, मृत्यूचा दाखला आणि माजी सैनिक कल्याण कार्यालयाचं पडताळणीपत्र जोडलं. सगळा गठ्ठा पोचपावतीच्या टपालानं पाठवला आणि झेरॉक्सचा एक पूर्ण संच घरी ठेवला. सप्टेंबरमध्ये रेकॉर्ड ऑफिसनं नावाची नोंद करून प्रकरण प्रयागराजला पाठवलं. हवालदारांच्या जन्मवर्षाची दुरुस्ती त्याआधीच, ऑगस्टमध्ये, ‘स्पर्श’वर झाली होती. हा क्रम महत्त्वाचा होता. उलट झालं असतं तर नवा पीपीओ चुकीच्या वर्षावर बेतून निघाला असता आणि त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागली असती.

मधले महिने घर मुलाच्या पगारावर चाललं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज करावा असं कोणी सुचवलं, पण तिथे उत्पन्नाची अट आहे आणि इथे मागच्या तारखेपासून पेन्शन येणार हे ठाऊक होतं. अर्ज केला नाही.

निकाल

नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-पीपीओ निघाला. नाव आधारप्रमाणे, फॅमिली पेन्शन १३ नोव्हेंबर २०२३ पासून, वाढीव दर ४ जून २०२६ पर्यंत असं स्पष्ट लिहिलेलं. विकलेल्या पेन्शनचा फॅमिली पेन्शनशी संबंध नसतो, त्यामुळे त्या बाजूनं काही कपात नव्हती.

मृत्यूनंतर जमा झालेल्या पैशाचा हिशेब असा. मृत्यूच्या दिवसाचं पेन्शन देय असतं, म्हणून जादा पडले ते १३ नोव्हेंबरपासूनचे: नोव्हेंबरच्या १८ दिवसांचे १८,३९६ आणि डिसेंबरचे ३०,६६०, मिळून ४९,०५६. वाढीव दर पतीच्या पेन्शनइतकाच असल्यामुळे त्याच दिवसांचं बाईंचं देणंही नेमकं तेवढंच निघालं आणि आपसात वळतं झालं. साधा दर लागला असता तर १९,६२२ रुपये परत द्यावे लागले असते. बाकीची थकबाकी, जानेवारी ते जून ५० टक्के आणि जुलै ते नोव्हेंबर ५३ टक्के महागाई सवलतीनं, ३,४९,६५० रुपये डिसेंबरमध्ये एकरकमी आली. ‘वन रँक वन पेन्शन’चा १ जुलै २०२४ चा फेर या हिशेबात धरलेला नाही. तो फॅमिली पेन्शनलाही लागू आहे आणि त्याचा फरक वेगळा येतो.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त वेळ हवालदार हयात असतानाची होती. ‘स्पर्श’वर गेल्यावर प्रत्येक जुन्या पेन्शनरला स्वतःची माहिती तपासून ती बरोबर असल्याचं कळवायला सांगितलं गेलं होतं. त्यांनी सीएससी केंद्रावर बसून सगळ्या पानांना होकार दिला, कारण पेन्शन वेळेवर येत होतं. त्या दिवशी पत्नीच्या नावाचा रकाना आधारशी ताडून पाहिला असता तर पेन्शनरच्या स्वतःच्या सहीच्या अर्जानं आणि दोघांच्या प्रतिज्ञापत्रानं काम झालं असतं. नवऱ्यानं ‘ही माझी बायको’ म्हणणं आणि विधवेनं ‘मी त्यांची बायको’ म्हणणं, कागदावर यात फार अंतर असतं. हा रकाना कुठे आहे ते ठाऊक नसेल तर माजी सैनिकानं आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं: मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावला, सिग्नलवाल्यांनी जबलपूरला, नौसैनिकांनी मुंबईतल्या ब्यूरो ऑफ सेलर्सला.

निधन बँकेत कळवण्याऐवजी त्याच आठवड्यात ‘स्पर्श’वर कळवलं असतं तर दोन महिने वाचले असते. नोटरीचं प्रतिज्ञापत्र करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला नमुना विचारला असता तर आणखी तीन. ट्रंक मार्चमध्ये उघडली असती तर कदाचित पहिली खेपच पुरली असती. ती उघडायची राहिली, कारण किल्ली बाईंकडे होती आणि इतक्या लवकर त्यांना ती उघडायची नव्हती. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि बोलूही नये.

पुढचं काम दरवर्षीचं: बाईंचा स्वतःचा डिजिटल हयातीचा दाखला, त्यात नवा फॅमिली पेन्शन पीपीओ क्रमांक, पेन्शन देणाऱ्या कार्यालयाच्या रकान्यात बँकेऐवजी ‘स्पर्श’, आणि नाव आधारप्रमाणे सुनंदा. मुलानं ते मोबाइलवर लावून ठेवलं आहे. ४ जून २०२६ ही तारीख मात्र बाईंनी स्वतः देवघराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिली आहे, खाली आकडा १२,६००.